वेष्टनावरचीं अक्षरें

गेल्या महिन्यांत माझ्या नातीचा पांचवा वाढदिवस झाला. त्या निमित्तानें लंडनला राहणाऱ्या माझ्या पुतणीनें एक खोका पाठविला. खोक्यांत काय होतें हें सांगण्यापूर्वीं तो कशांत गुंडाळलेला होता हें सांगितलें पाहिजे. कारण आजच्या भाषणाचा विषय ती भेट नसून तिचें वेष्टन हा आहे. त्या वेष्टनाच्या कागदावर इंग्रजी वर्णमालेचीं जुन्या वळणाचीं रंगीत चित्रें छापलेलीं होतीं. 'ए'पाशीं सफरचंद, 'बी'पाशीं चेंडू घेतलेला मुलगा, 'सी'पाशीं खुर्चीवर बसलेलें मांजर, अशीं तीं अक्षरें कागदभर विखुरलेलीं होतीं. आणि कडेला बारीक टाइपांत, हीं चित्रें व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील आहेत, अशी नोंद होती. नातीला आंतल्या वस्तूची घाई. तिनें कागदाच्या कोपऱ्याला हात घातला. मी म्हणालों, "थांब बाळ, आधीं एवढीं अक्षरें वाचूं या." ती म्हणाली, "आजोबा, हें पुस्तक थोडेंच आहे? हा तर कागद आहे."

मी मॅट्रिक झालेला साधा शाळामास्तर. पस्तीस वर्षें मुलांना अक्षरओळख करून देण्यांत गेलीं. परंतु नातीच्या या उत्तरानें मला विचारांत पाडलें. जीं चित्रें मुलानें अक्षरापाशीं क्षणभर थांबावें म्हणून काढलीं, तीं फाडून टाकावयाच्या कागदावर कशीं येऊन बसलीं? आणि पुस्तकांतून कागदावर येतांना त्यांच्यापैकीं काय टिकलें व काय गळालें? या दोन प्रश्नांचा आज आपण विचार करूं.

प्रथम थोडा इतिहास. इंग्लंडांतील मुलांच्या हातीं पूर्वीं जें पहिलें पुस्तक पडे, तें खरें म्हणजे पुस्तक नव्हतेंच. ती मुठीची एक लहानशी लांकडी फळी असे. तिच्यावर वर्णमाला आणि प्रार्थना असलेला एकच कागद चिकटवीत. आणि मुलाच्या हातांनीं तो मळूं नये म्हणून त्यावर जनावराच्या शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा बसवीत. तेथें चित्राला बहुधा थारा नसे. पुढें १७४४ सालीं जॉन न्यूबेरी या लंडनच्या प्रकाशकानें मुलांसाठीं एक चिमुकलें पुस्तक काढलें व अक्षरांच्या जोडीला मुलांच्या खेळांचीं चित्रें त्यांत घातलीं. शिकणें आणि रमणें हीं एकमेकांचीं वैरी नव्हेत, हा विचार तेथपासून बळावत गेला. तथापि हीं चित्रें काळ्या शाईचीं असत. त्यांत रंग हवे असतील तर ते हातानें भरावे लागत. आणि तें काम पुष्कळदां मुलांकडूनच करवून घेत. एकाच्या हातीं तांबडा रंग, दुसऱ्याच्या हातीं निळा. एका मुलाच्या करमणुकीसाठीं दुसरें मूल राबत असे.

व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ पासून १९०१ पर्यंतची. या चौसष्ट वर्षांत परिस्थिति पालटली. १८६१ सालीं कागदावरील कर रद्द झाला आणि कागद स्वस्त झाला. १८७० च्या कायद्यानें इंग्लंड व वेल्समध्यें प्राथमिक शिक्षणाच्या शाळा गांवोगांवीं निघूं लागल्या आणि वाचणाऱ्या मुलांची संख्या वाढली. तिसरी गोष्ट म्हणजे रंगीत छपाई यंत्रावर होऊं लागली. या तिसऱ्या गोष्टीपाशीं आपण थोडें थांबूं. कारण आपण ज्या चित्रांविषयीं बोलत आहों त्यांचा खरा जन्म तेथें आहे.

लंडनमध्यें एडमंड इव्हॅन्स नांवाचा एक मुद्रक होता. त्याचा जन्म १८२६ चा व मृत्यु १९०५ चा. त्याची पद्धत अशी होती. चित्रकाराचें रेखाचित्र प्रथम बॉक्सवुड नांवाच्या कठीण लांकडाच्या ठशावर कोरावयाचें. त्या ठशाची छाप चित्रकाराकडे जाई. तो ती जलरंगांनीं रंगवून परत पाठवी. मग इव्हॅन्स प्रत्येक रंगासाठीं एक एक निराळा ठसा कोरून घेई, आणि तोच कागद एकामागून एक सर्व ठशांखालून काढी. कागद केसभर जरी सरकला, तरी गालावरचा तांबडा रंग कानावर जाऊन बसावयाचा! ठसे जितके वाढवावे तितका खर्च वाढे. म्हणून थोड्या ठशांत पुष्कळ रंग कसे साधावे यांत त्याचें सारें कौशल्य होतें. निळ्यावर पिवळा छापून हिरवा काढावा, सलग तांबड्याऐवजीं तांबड्या बारीक रेघा देऊन गुलाबी भास उत्पन्न करावा, अशा त्याच्या युक्त्या होत्या. इतका खटाटोप कशासाठीं? तर सहा पेन्सांना, म्हणजे अर्ध्या शिलिंगाला, विकावयाच्या आठ-दहा पानांच्या पुस्तकासाठीं! अशा पुस्तकांना त्या काळीं 'टॉय बुक' म्हणजे खेळण्यांतलें पुस्तक म्हणत. मुलें तीं फाडतील हें प्रकाशकांनीं गृहीतच धरलें होतें. म्हणून त्यांतलीं कांहीं पुस्तकें कापडावर चिकटवूनहि विकत, आणि त्यांना दुप्पट किंमत पडे.

या टॉय बुकांचा मोठा चित्रकार म्हणजे वॉल्टर क्रेन. तो १८४५ सालीं लिव्हरपूल येथें जन्मला, आणि लहानपणींच एका ठसे कोरणाऱ्या कारागिराच्या हाताखालीं उमेदवारीस राहिला. त्यामुळें लांकडाला काय पेलतें व काय पेलत नाहीं हें तो पुरतें जाणून होता. १८६५ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, त्यानें आगगाडीची वर्णमाला चितारली. आणि १८७४ मध्यें 'अॅब्सर्ड ए बी सी' हें त्याचें प्रसिद्ध पुस्तक निघालें. जपानी रंगीत ठशांचीं चित्रें त्याच्या पाहण्यांत आलीं होतीं. त्यांतील ठळक रेषा आणि छाया न दाखवितां भरलेले सपाट रंग त्यानें उचलले. मुलांना धूसर, संदिग्ध आकृति रुचत नाहींत, स्पष्ट आकार आणि उघडे रंगच रुचतात, असें त्याचें मत होतें. पस्तीस वर्षें वर्गांत उभा राहिलेला मनुष्य या मताला मान डोलवील. पण आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. या टॉय बुकांच्या विक्रीवर क्रेनला टक्केवारी मिळत नसे. चित्रांचे एकदांच ठराविक पैसे हातावर पडत, आणि मग पुस्तक किती का खपेना, त्याचा कांहीं संबंध उरत नसे.

केट ग्रीनअवे हिची स्थिति याहून बरी होती. तिचा जन्म १८४६ चा. आणि मृत्यु राणीच्याच वर्षीं, १९०१ सालीं झाला. १८७९ मध्यें तिचें पहिलें मोठें पुस्तक इव्हॅन्सनें छापलें तेव्हां त्यानें एकदम २०,००० प्रती काढल्या. लोकांना हें धाडस वाटलें. पण दुसरी छपाई तयार होण्याच्या आंतच त्या संपल्या. १८८६ सालीं तिनें सफरचंदाच्या पक्वान्नाची एक जुनी वर्णमाला चितारली. एक भलें मोठें पक्वान्न आहे, आणि प्रत्येक अक्षर त्याच्या भोंवतीं कांहीं तरी करीत आहे. कोणी चावा घेतें, कोणी कापतें, कोणी त्याच्यासाठीं भांडतें. यांत गंमत अशी कीं, 'आय' हें अक्षर तिच्या पुस्तकांत नाहींच. आणि शेवटचीं सहा अक्षरें एकेक तुकडा घेऊन एकाच पानावर झोपावयास निघून जातात. 'आय' गळण्याचें कारण ऐतिहासिक आहे. हें गाणें १६७१ पूर्वींचें आहे. आणि त्या काळीं 'आय' आणि 'जे' हीं दोन निराळीं अक्षरें मानीत नसत. साडेतीनशें वर्षांपूर्वींची ही खूण ग्रीनअवेच्या गोजिरवाण्या मुलींच्या आडून आपल्याकडे पाहत असते.

तिसरा मनुष्य एडवर्ड लिअर. हा १८१२ चा जन्मलेला, व्यवसायानें निसर्गचित्रकार. परंतु कीर्ति झाली ती त्याच्या निरर्थक गमतीच्या कवितांमुळें. मित्रांच्या मुलांसाठीं तो हातानें वर्णमाला काढून देई. याचा आपल्याशीं थोडासा ऋणानुबंध आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या आमंत्रणावरून तो १८७३ च्या अखेरीस मुंबईस उतरला, आणि १८७४ च्या पावसाळ्यांत तो पुण्यांत राहिला. वॉल्टर क्रेनहि १९०६-०७ च्या हिंवाळ्यांत हिंदुस्थानांत येऊन गेला व त्या प्रवासावर त्यानें पुस्तक लिहिलें.

या सर्व मंडळींना एक अडचण सारखीच होती, ती म्हणजे 'एक्स'. इंग्रजींत या अक्षरानें सुरू होणारे, मुलाला कळतील असे शब्द जवळजवळ नाहींतच. मग कोणी इराणचा प्राचीन राजा झर्क्सीस याला ओढून आणी, कारण त्याचें नांव इंग्रजींत 'एक्स'नें सुरू होतें. लिअरनेंहि तेंच केलें. बिचाऱ्या झर्क्सीसला ग्रीस जिंकतां आला नाहीं; पण इंग्लंडच्या बालवर्गांत त्याला कायमची जागा मिळाली! यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आपल्या अंकलिपीची 'ण'पाशीं हीच गत होते. 'ण'नें सुरू होणारा शब्द नाहीं. म्हणून आपण 'ण बाणाचा' म्हणून वेळ मारून नेतों, आणि 'ळ'साठीं कमळाच्या शेपटाला धरतों.

आतां जरा गंभीर गोष्टीकडे वळतों. वर्णमाला ही दिसते तितकी निरुपद्रवी नसते. अक्षरांचा क्रम मुलाला पाठ करावाच लागतो. त्या क्रमाला जें बांधाल तें त्याच्याबरोबर पाठ होतें. ही शक्ति त्या काळच्या लोकांनीं ओळखली होती. १८४६ सालीं अमेरिकेंत, फिलाडेल्फिया येथें, गुलामगिरीविरुद्ध भरलेल्या जत्रेसाठीं एक वर्णमाला छापण्यांत आली. तींत 'ए' हें अक्षर सफरचंदाचें नव्हतें; गुलामगिरी बंद पाडूं पाहणाऱ्या माणसाचें होतें. याच्या उलट १८९९ मध्यें लंडनला बाळ-देशभक्तांसाठीं म्हणून एक वर्णमाला निघाली. तिची चित्रकर्ती एक स्त्री होती. तींत 'बी' म्हणजे लढाया, 'सी' म्हणजे वसाहती, 'ई' म्हणजे साम्राज्य. आणि 'आय' म्हणजे इंडिया! ज्या अक्षरापाशीं शाईची दौत असावयाची, त्या अक्षरापाशीं आपण होतों; आणि इंग्लंडांतील चार वर्षांचें मूल आपल्याला 'आमचें' म्हणून घोकीत होतें. साधन एकच, एकानें त्यानें बेडी तोडावयास शिकविलें, दुसऱ्यानें ती मिरवावयास शिकविलें.

पुतणीनें पाठविलेल्या कागदावर मीं मुद्दाम 'आय' शोधला. तेथें शाईची दौतच होती. मला बरें वाटलें. पण लगेच शंकाहि आली. व्हिक्टोरियन म्हणून आज जें विकलें जातें, तें त्या काळांतून वेंचून घेतलेलें असतें. मांजरें, बाहुल्या, सफरचंदें घ्यावयाचीं, आणि लढाया व वसाहती मागें ठेवावयाच्या. भेटीच्या कागदावर तसें करणें रास्तच आहे. वाढदिवसाला कोणी तोफा गुंडाळून देत नाहीं. मात्र हा साराच काळ असा गोंडस होता, अशी समजूत आपण करून घेऊं नये.

आतां वेष्टनाकडे येऊं. आश्चर्य वाटेल, पण ज्याला आज आपण भेटीचा शोभेचा कागद म्हणतों, तो व्हिक्टोरिया राणीच्या घरोघरीं नव्हता. त्या काळीं भेटवस्तु साध्या किंवा पातळ झिरझिरीत कागदांत गुंडाळून फितीनें बांधीत. नक्षीचा छापील कागद बाजारांत रुजला तो विसाव्या शतकांत, आणि तोहि एका अडचणींतून. १९१७ च्या नाताळांत अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें हॉल नांवाच्या भावांच्या दुकानांतला पातळ कागद संपला. गिऱ्हाइकांना परत कसें पाठवावें? त्यांनीं पाकिटांना आंतून लावण्यासाठीं फ्रान्सहून आणविलेले नक्षीचे कागद मांडले, एकेका तावाला दहा सेंट अशी किंमत ठेवली. आणि ते हां हां म्हणतां खपले. १९१९ पासून ते स्वतःच तसा कागद छापूं लागले. हॉलमार्क हें नांव पुढें सर्वतोमुखीं झालें तें याच भावांच्या धंद्याचें. १९३० मध्यें पारदर्शक चिकटपट्टी निघाली, आणि दोरी व लाख यांची गरज उरली नाहीं. तेव्हां व्हिक्टोरियन वर्णमालेचा वेष्टन-कागद हा व्हिक्टोरियाच्या काळाचा नव्हे; त्या काळाचीं चित्रें पुढच्या काळानें आपल्या कामास लावलीं आहेत. क्रेनला जाऊन शंभरांहून अधिक वर्षें झालीं, त्याच्या चित्रांवरील हक्काची मुदत केव्हांच सरली, आणि आज तीं कोणालाहि छापतां येतात.

मग हा चित्रांचा अवमान झाला काय? आरंभीं मला तसें वाटलें होतें. पण क्रेननेंच माझी समजूत काढली. १८७५ सालीं त्यानें स्वतः मुलांच्या खोलीसाठीं भिंतीवर लावावयाचा कागद रेखाटला, आणि बालगीतांतील पात्रें त्यांत घेतलीं. म्हणजे पुस्तकांतलें चित्र नक्षींत उतरविण्यांत त्याला कमीपणा वाटला नाहीं. मात्र भिंतीचा कागद वर्षानुवर्षें मुलाच्या डोळ्यांसमोर राहतो. वेष्टन घटकाभराचें असतें.

आणखी एक फरक आहे, तो मी गणिताच्या अंगानें सांगतों. नक्षीचा कागद छापतांना एक चौकट घेऊन तीच पुन्हां पुन्हां, सांधा दिसूं न देतां, छापीत जातात. तेव्हां अक्षरांचे चौकोन नीट ओळींत बसले पाहिजेत. सव्वीस ही संख्या या कामीं मोठी हट्टी. पांच पंचें पंचवीस मांडावें तर एक अक्षर उरतें. चार सत्तें अठ्ठावीस मांडावें तर दोन घरें रिकामीं राहतात. जुन्या लोकांना ही अडचण नव्हती. 'आय-जे' आणि 'यू-व्ही' एकच मानल्यामुळें त्यांचीं अक्षरें चोवीस होत, चार सक चोवीस. व्हिक्टोरियन बालपुस्तकांत 'झेड'च्या मागून 'आणि' या अर्थाचें वळणदार चिन्ह सत्ताविसावें म्हणून येई. तीन नवे सत्तावीस! आजचा आंखणीकार रिकाम्या घरांत फूल किंवा पक्षी बसवितो, अथवा ओळ सोडून अक्षरें उलटींसुलटीं विखुरतो. म्हणजे खोका कसाहि फिरवला तरी कोणतें ना कोणतें अक्षर सरळ दिसतें. माझ्या कागदावर असेंच होतें. दिसावयास सुंदर, पण 'ए'च्या शेजारीं 'क्यू' आणि 'क्यू'च्या शेजारीं 'एफ'. क्रम गेला. वर्णमाला उरली नाहीं, नुसतीं अक्षरें उरलीं.

येथें मला माझीच एक जुनी गोष्ट आठवते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीं माझ्या वर्गांत एका मुलानें पाटीवर 'ग' काढला आणि त्याला सोंड व दोन कान जोडले. मीं पाटी पुसली, त्याला उभें केलें आणि पन्नास वेळां 'ग' गिरवावयास लावला. अक्षर त्याला आलें. पण त्या वर्षीं त्यानें पाटीवर पुन्हां चित्र काढलें नाहीं. क्रम आणि वळण यांपुढें मला दुसरें कांहीं दिसत नव्हतें. इव्हॅन्सनें अर्ध्या शिलिंगाच्या पुस्तकासाठीं एवढी मेहनत कां घेतली, क्रेननें रेषा इतकी ठळक कां ठेवली, हें मला त्या वेळीं कोणी सांगितलें असतें तर बरें झालें असतें. मूल चित्रांतून अक्षराकडे येतें. आपण दार बंद करून त्याला आंत बोलावीत असतों.

आणि कागद फाडावयाचाच असतो, म्हणून त्यावरील अक्षरें वाया जातात, असेंहि नाहीं. माझ्या लहानपणीं वाण्याकडून गूळ, साखर, हळद वर्तमानपत्राच्या पुड्यांतून येई. माझी आई पुडी सोडली कीं तो कागद सरळ करून वाचीत असे. मधूनच सुरू झालेली आणि मधेंच तुटलेली बातमी ती आम्हांला सांगे, आणि पुढें काय झालें असेल यावर आम्ही भावंडें वाद घालीत असूं. माझें पहिलें अवांतर वाचन तेंच.

तेव्हां श्रोतेहो, तुमच्या घरीं असा कागद आला तर एवढेंच करावें. मुलाला घाई असतें, ती असूं द्यावी. पण चिकटपट्टी कात्रीनें कापावी. भेट पाहून झाली कीं कागद जमिनीवर पसरावा आणि मुलाला 'ए'पासून 'झेड'पर्यंत अक्षरें हुडकावयास सांगावीं. हरवलेला क्रम तें स्वतः लावील, आणि स्वतः लावलेला क्रम चांगला पाठ होतो. 'एक्स'पाशीं काय काढलें आहे तें पाहावें; 'आय'पाशीं काय आहे तेंहि पाहावें, आणि मूल थोडें मोठें झालें कीं तेथें एकेकाळीं काय होतें, तें त्याला सांगावें.

आमच्या घरीं एवढें सारें जमलें नाहीं. कागद दोन ठिकाणीं फाटला. 'एम'चे दोन तुकडे झाले. खोक्यांत रंगीत पेन्सिली होत्या. नातीनें कागद उलटा केला, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर दुपारभर चित्रें काढीत बसली. मी शेजारीं बसून पाहत होतों.